वजन 108, उंची सहा फूट: सर्फबोर्डची मापं काय धरू? (ठाण्यात बांधतोय)

खाडीकाठचा | 9 जानेवारी, रात्री 10:40

मंडळी, मदत हवी आहे. हसलात तरी चालेल, पण आधी आकडे बघा.

वय 43, उंची सहा फूट, वजन 108 (सकाळी, चहाच्या आधी). राहायला कोलशेत रोडला. गेली तीन वर्षं डिसेंबर आणि एप्रिलमध्ये गोव्याला, आश्वे-मोरजीकडे जातो आणि भाड्याच्या बोर्डवर लाटा धरायची खटपट करतो. तिथे मिळतात ते आठ फुटी, वरून मऊ असलेले शिकाऊ बोर्ड. मी पालथा पडलो की अख्खा बोर्ड दोन बोटं पाण्याखाली. हात मारून मारून खांदे भरून येतात आणि लाट खालून मुकाट निघून जाते. तोच बोर्ड घेऊन साठ किलोचा पोरगा माझ्या शेजारून उभा राहून गेला. शिकवणाऱ्याने तर तोंडावर सांगितलं, "अंकल, पहले वेट कम करो."

ते चालू आहे. दोन किलो उतरलेत. पण तोवर फळी तरी माझ्या मापाची असावी म्हणून स्वतःच बांधायचं ठरवलंय. रबाळे एमआयडीसीत मित्राची शेड आहे, शनिवार-रविवार रिकामी असते.

माझं ठरलेलं माप: 7'6" लांबी, 23" रुंदी, 4" जाडी. घनफळ साधारण 79 लिटर होतं. लांबी 7'6" का, तर आमच्या लिफ्टमध्ये तिरका बसतो. मोजलंय. चुकतंय का कुठे?

हौशी_गलबत | 9 जानेवारी, रात्री 11:05

कोलशेतच्या खाडीत फ्लेमिंगोंच्या रांगेत उभे राहणार का हो?

खाडीकाठचा | 9 जानेवारी, रात्री 11:12

खाडीत गुडघाभर गाळ आहे, लाट नाही. फ्लेमिंगोंचे पाय लांब, माझे नाहीत. बोर्ड गोव्यालाच जाणार.

दोनसूत | 10 जानेवारी, सकाळी 6:50

लिटर बरोबर आहेत, मापं चुकली आहेत.

मी वागळे इस्टेटला पॅटर्नशॉपमध्ये एकतीस वर्षं लाकूड तासलंय. निवृत्तीनंतर मुलासाठी तीन बोर्ड केले, त्यातले दोन पाण्यात चालतात. माझी भाषा सुताची आहे, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बोर्डची मापं जगभर फूट-इंचातच लिहितात, त्यामुळे अडत नाही.

आता हे बघा.

तुमचा: 90 × 23 × 4 = 8280 घनइंच.
माझा: 9'2" लांब, 24" रुंद, 3 इंच 2 सूत जाड. 110 × 24 × 3.25 = 8580 घनइंच.

61 घनइंचांचा एक लिटर. नाक-शेपूट निमुळतं आणि कडा गोल, म्हणून सरळ खोक्याच्या साधारण 58 टक्के माल उरतो. तुमचे 79 लिटर, माझे साडेएक्याऐंशी. कागदावर सख्खे भाऊ. पाण्यात एकमेकांची ओळख दाखवणार नाहीत.

चार इंच जाडीची कड पाण्यात दाबून बघा. बाटलीचं बूच दाबल्यासारखी उसळून वर येते. वळायचं तर कड पाण्यात रुतावी लागते, ती रुतणार नाही. शिवाय तुमचे पाय पाण्यापासून तेवढे उंच जातात. स्टुलावर उभं राहणं आणि पाटावर उभं राहणं यात जो फरक आहे तोच. आणि लांबी कमी म्हणजे हात मारताना फळी पाणी कापत नाही, ढकलत बसते. लांब होडी एका वल्ह्यात जेवढी सरकते तेवढी बुटकी सरकत नाही, वजन तेच असलं तरी.

जड माणसाने लिटर काढायचे ते आधी लांबीतून, मग रुंदीतून, आणि अगदी शेवटी जाडीतून. लोक उलट करतात, कारण जाडी वाढवली की बोर्ड लिफ्टमध्ये बसतो.

वाशीकर_96 | 10 जानेवारी, सकाळी 9:20

थोडा विरोध नोंदवतो. मी 96 किलोचा, आठ वर्षं लाटांवर आहे. माझा बोर्ड 7'2" × 22½" × 3", म्हणजे साधारण 54 लिटर. किलोमागे लिटरचा आकडा 0.56 येतो. मस्त वळतो. 9'2" घेतलात की दोन वर्षांत कंटाळाल आणि विकायला गिऱ्हाईक मिळणार नाही.

दोनसूत | 10 जानेवारी, सकाळी 9:41

तुमचा पहिला बोर्ड किती फुटांचा होता, तेवढं सांगा.

वाशीकर_96 | 10 जानेवारी, सकाळी 10:15

नऊ फूट. बरं, ठीक आहे.

सावली_घोडबंदर | 10 जानेवारी, दुपारी 1:30

हा किलोमागे लिटरचा आकडा नक्की काय आहे? मी 64 किलोची, मलाही कळू दे.

वाशीकर_96 | 10 जानेवारी, दुपारी 2:10

वजन गुणिले एक आकडा. मुरलेला सर्फर 0.35 ते 0.4 वर भागवतो. मधला 0.5 च्या आसपास. शिकणारा 0.7 पासून वर, थेट 1 पर्यंत. वय, दम आणि सराव कमी असेल तर आकडा वाढवायचा. गंडतात सगळे इथेच. वर्षातले दहा दिवस समुद्रात जाणारा माणूस "मी इंटरमिजिएट" म्हणून 0.5 धरतो आणि मग बोर्डला शिव्या देतो. तीन वर्षं जातोय याला अर्थ नाही, एकूण दिवस किती ते मोजा.

तुम्ही 64 ला 0.75 धरलंत तर 48 लिटर. आपल्याकडचं पाणी कोमट, जाड वेटसूट लागत नाही. थंड देशांत त्याचेही दोन-चार किलो धरावे लागतात, ते आपले वाचतात.

खाडीकाठचा | 10 जानेवारी, रात्री 9:55

मोजले. तीन वर्षांत एकूण एकवीस दिवस. त्यातला एक दिवस वडापावमुळे वाया.

म्हणजे मी 0.75 वाला, 81 लिटर. पण एक शंका राहते. 81 लिटरची फळी 108 किलो उचलणार कशी? आर्किमिडीजला काय उत्तर देऊ?

दोनसूत | 11 जानेवारी, सकाळी 6:35

चांगला प्रश्न. एक लिटर गोडं पाणी एक किलोचं, समुद्राचं दोनेक तोळे जास्त, म्हणजे 1.025 किलो. 81 लिटरची फळी पूर्ण बुडाली तर 83 किलो पेलते. फळीचं स्वतःचं वजन सहा-साडेसहा किलो वजा करा, उरले 76-77. बाकीचे तीसेक किलो तुमचे तुम्हीच पेलता, कारण पालथे पडल्यावर मांड्या, पोटाच्या कडा थोड्या पाण्यात असतात आणि माणूस पाण्यात जवळजवळ तरंगतोच. म्हणून तुमची फळी पाण्यासपाट राहील, वर येणार नाही. तेवढं पुरतं.

उभं राहिल्यावर हिशेब बदलतो. तेव्हा तुम्हाला लिटर उचलत नाहीत, वेग उचलतो. पाणी तळाला खालून मारतं आणि फळी वर येते. थांबलेल्या पाण्यात त्याच फळीवर उभे राहाल तर मांड्यांपर्यंत खाली जाल. म्हणून तळाचं क्षेत्रफळ, म्हणजे रुंदी, तिथे कामाला येतं. शेपटीपासून एक फुटावर रुंदी मोजायची रीत आहे, ती 16" ठेवा. नाकापासून एक फुटावर 18". शेपूट टोकदार केलीत तर मागचा पाय बुडेल.

फायबरकाका | 11 जानेवारी, दुपारी 12:20

मापांचं चालू द्या, मी मालाचं बोलतो. फळी कशाची करताय? थर्माकोल असेल तर आधी हे वाचा.

आमच्या धंद्यात (पाण्याच्या टाक्या, रिक्षाचे हूड, शोभेच्या मूर्ती) सगळीकडे पॉलिएस्टर रेझिन वापरतात. ते थर्माकोल खातं. आमच्याकडे एकजण 2019 मध्ये असाच हौसेने पॅडलबोर्ड घेऊन आला होता. मी नको म्हणत असताना पोराने अर्धा डबा ओतला. दहा मिनिटांत मधोमध खड्डा, कापडाची झोळी, खाली डिंक. गिऱ्हाईक रडायचं बाकी होतं. थर्माकोलवर इपॉक्सी रेझिनच. पॉलिएस्टर वापरायचं तर पॉलियुरेथेन फोम घ्यावा लागतो.

आणि पॉलिएस्टरच्या नादाला लागलातच तर हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन घट्ट व्हायला घालतात ती दोन द्रव्यं) कधीही एकमेकांत थेट मिसळू नका. स्फोट होतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण घोटायचं, मग दुसरं.

हौशी_गलबत | 11 जानेवारी, दुपारी 12:34

थर्माकोलवर बंदी आहे ना?

फायबरकाका | 11 जानेवारी, दुपारी 12:50

2018 ची बंदी मखरं, ताटल्या, वाट्या, असल्या सामानावर आली. शीतगृहाच्या भिंतींना लागणारा घट्ट माल वेगळा. तो घनतेवर विकतात. पॅकिंगचा हलका घेऊ नका, टाच रुतेल. घनमीटरला 20 किलोचा मागा, 24 चा मिळाला तर तुमच्या वजनाला आणखी बरा. शीट साधारण एक मीटर बाय अर्ध्या मीटरचे असतात, ते जोडत बसण्यापेक्षा अख्ख्या ब्लॉकमधून लांब तुकडा कापून घ्या.

दोनसूत | 11 जानेवारी, संध्याकाळी 5:15

मधोमध उभी प्लायची पट्टी घालाच. मरीन प्लाय, 4 मिमी. 108 किलोला ती हवीच, नाहीतर पहिल्या मोठ्या लाटेत दोन बोर्ड होतील. पट्टीच्या कडेवरच बोर्डची उचल (नाक-शेपूट वर वळतं तो बाक) काढून घ्या, म्हणजे तेच तुमचं फर्मा. नाकाला साडेचार इंच, शेपटीला साडेतीन. नाकाला याहून जास्त उचललंत की बोर्ड पाणी ढकलतो. जड माणसाला उचल कमी लागते हे खरं, पण आपल्याकडच्या वाळूवरच्या लाटा एकदम उभ्या होऊन पडतात. फार सपाट केलंत तर नाक खुपसून कोलांटी.

जाडी मधे 3 इंच 2 सूत, पण कडेला येईपर्यंत दोन इंचांवर आणा. वरचा भाग कासवाच्या पाठीसारखा हलका फुगीर. सगळ्यात जाड जागा मध्यापासून थोडी नाकाकडे, छातीखाली. पाव भाजल्यासारखी सगळीकडे सारखी फुगवू नका.

येऊरचा_पांगारा | 12 जानेवारी, सकाळी 8:00

लाकडाची पोकळ का नाही करत? टॉम ब्लेकने 1930 च्या आसपास तसेच बोर्ड करून अख्खं हवाई मागे टाकलं होतं.

आणि एक गंमत. हवाईच्या जुन्या सरदारांचे लांबलचक 'ओलो' बोर्ड विलीविली नावाच्या हलक्या झाडाचे असत. ते आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातलं आहे, एरिथ्रिना. फेब्रुवारीत येऊरला लालभडक फुलतो तोच. मोठ्या मानाच्या माणसाला मोठी फळी ही तिथली जुनी रीत. त्या हिशेबाने तुम्ही सरदार.

खाडीकाठचा | 12 जानेवारी, रात्री 10:20

सरदारांना लिफ्ट नव्हती हो.

पोकळ नको, त्यात फासळ्या जोडण्यातच पावसाळा येईल. थर्माकोल आणि इपॉक्सी पक्कं. राहिला प्रश्न 9'2" चा. सातव्या मजल्यापर्यंत न्यायचा कसा?

सावली_घोडबंदर | 12 जानेवारी, रात्री 10:45

बांधण्याआधी जिना तपासा. 9'2" चा इलेक्ट्रिकचा पाइप घ्या, मधोमध दोन फुटांचा पुठ्ठा आडवा बांधा आणि घेऊन चढा. आमच्या सोफ्याच्या वेळी मी हेच न केल्यामुळे तो अजून माहेरी आहे.

खाडीकाठचा | 18 जानेवारी, दुपारी 3:30

केलं. रविवारी दुपारी, सगळे झोपलेले असताना. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पाइप अडकला, कारण तिथे कमिटीच्या अध्यक्षांच्या कुंड्या आहेत. अध्यक्षांनी दार उघडलं. मी पाइप, पुठ्ठा, घामाघूम. "केबल टाकताय का?" म्हणाले. सर्फबोर्ड म्हटल्यावर त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि स्वतः कुंडी सरकवली. पाइप उभा धरून दोन जिन्यांच्या मधल्या पोकळीतून फिरवला की निघतो. दोघं लागतात.

तर माप पक्कं: 9'2" × 24" × 3 इंच 2 सूत.

खाडीकाठचा | 22 मार्च, सकाळी 11:10

बरेच दिवस गायब होतो. तासून झाला. तापलेल्या नायक्रोम तारेने आडवं-उभं कापलं, मग रंधा, मग सॅंडपेपरचा ठोकळा. शेडभर पांढरे मणी. ते अजून माझ्या कानातून निघतायत.

लिटर खरे किती निघाले, ते असं काढलं. उरलेल्या मालातून 20 सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा कापला, म्हणजे बरोबर 8 लिटर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर 154 ग्रॅम. म्हणजे लिटरला सव्वाएकोणीस ग्रॅम (20 चा माल म्हणून दिलेला, असो). तासलेली फळी 1950 ग्रॅम, त्यातली प्लायची पट्टी 430, उरला फोम 1520. भागिले 19.25, आले 79. पट्टीचा पाऊण लिटर धरून 80 ला थोडे कमी.

81.5 ठरले होते. दीड-पावणेदोन लिटर गेले कुठे?

दोनसूत | 22 मार्च, सकाळी 11:40

पाठ फुगीर केलीत ना, मग कडांचा माल गेला. 58 टक्के हा अंदाज होता, तुमचा साडेछपन्न-सत्तावन्न भरला. जाऊ दे. पावणेदोन लिटर म्हणजे तुमचं पावणेदोन किलो वजन. पाडव्याचं श्रीखंड जपून खा, हिशेब जुळेल.

ठोकळ्याची युक्ती झकास आहे, मला सुचली नव्हती.

फायबरकाका | 22 मार्च, दुपारी 1:05

काचेच्या धाग्यांचं कापड रेझिनने चढवताना वेळ सांभाळा. सकाळी ऊन चढत असताना अजिबात नको. गरम होत जाईल तशी थर्माकोलमधली हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढते. संध्याकाळी, पारा उतरत असताना लावा, म्हणजे फळी उलट रेझिन आत ओढते. शेड पत्र्याची, मार्चअखेर, म्हणजे भांड्यात रेझिन लवकर तापणार. थोडं थोडं कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. डबाभर कालवून ठेवलंत तर धूर येईल.

खाली 200 जीएसएमचं (चौरस मीटरला 200 ग्रॅम) एक कापड, वर दोन, आणि जिथे टाचा येणार तिथे तिसरा तुकडा. हवा सोडायला एक छोटा स्क्रूचा व्हेंट बसवा, उन्हात गाडीत ठेवलात तर कापड सुटतं.

वाशीकर_96 | 22 मार्च, दुपारी 1:30

फिन (शेपटीखाली बसतात ते पंख) मोठ्यातल्या मोठ्या मापाचे घ्या. आपल्या वजनाला मधल्या मापाचे घेतले की वळताना मागचा भाग घसरतो. पायाची दोरीही नऊ फुटी, 7 मिमी.

खाडीकाठचा | 19 एप्रिल, रात्री 9:30

गोव्याहून आलो. गाडीच्या टपावर गेला, पट्टे पनवेलला एकदा आणि कणकवलीला एकदा आवळले. तयार वजन 6 किलो 400.

पहिल्या दिवशी वाटलं सगळी मेहनत पाण्यात. नाक वर, शेपूट खाली, तीच जुनी कथा. मग लक्षात आलं, आठ फुटीची सवय. मी फार मागे पडत होतो. चार बोटं पुढे सरकलो आणि फळी सपाट झाली. अगदी दोनसूत म्हणाले तशी, पाण्याला टेकून, ना वर ना खाली. हनुवटी येते तिथे मार्करने ठिपका काढलाय. दुसऱ्या दिवशी तीन लाटा, तिसऱ्या दिवशी दोन तासांत सात. लाट पाठीमागे यायच्या आधीच फळी चालायला लागलेली असते, ही गोष्ट मला या आधी माहीतच नव्हती. वळणं अजून नाहीत. सरळ रेषेत किनाऱ्यापर्यंत, एसटीसारखा.

"वेट कम करो" म्हणणाऱ्याने बोर्ड उचलून बघितला, कडेवरून हात फिरवला आणि लांबी विचारली. वजनाचं काही बोलला नाही.

एक दुखणं: उजव्या टाचेखाली रुपयाएवढा खड्डा पडलाय, तिसऱ्या तुकड्याच्या जेमतेम बाहेर. बारीक चीर दिसते.

फायबरकाका | 19 एप्रिल, रात्री 10:05

चीर असेल तर पाणी गेलंय. लगेच भरू नका. तोंड खाली करून आठवडाभर सावलीत सुकवा, व्हेंट उघडा ठेवून. वजन करून बघा, 6400 वर परत आलं की मग घासून वर कापड. पावसाळ्याच्या आत उरका, दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट साय धरते.

वाशीकर_96 | 19 एप्रिल, रात्री 10:20

तिसरा तुकडा छोटा पडला म्हणजे तुम्ही अपेक्षेपेक्षा मागे उभे राहताय. तेही ठिपक्याने सुटेल. पुढच्या बोर्डला 8'0" बघू.

खाडीकाठचा | 19 एप्रिल, रात्री 10:48

पुढचा कसला, याचे सगळे मणी अजून शेडमधून निघाले नाहीत. सध्या बैठकीत भिंतीला उभा करून सुकवतोय, काट्यावर रोज सकाळी तो आणि मी दोघं. नाक आणि छत यांच्यात चार बोटं जागा उरली आहे. 9'6" ठरवला असता तर बसला नसता, आणि एवढ्या मोठ्या धाग्यात छताची उंची मोजायला कुणीही सांगितलं नव्हतं.